शाब्लीची वाइन आंबट का लागते?

द्राक्षवाला, तासगाव: मंडळी, पुतण्या फ्रान्सहून शाब्ली गावच्या वाइनची बाटली आणि तिथल्या बागेतला एक दगड घेऊन आला. दगडात नखाएवढे शिंपले! आमची मुरमाड रानात दोन एकर सोनाका द्राक्षं, सगळा बेदाणा. वाइन मात्र आंबट, गोडवा नावालाही नाही. एवढं कौतुक कशाचं?

मिरजकर: काका, शिंपले कालवांचे. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी तिथं समुद्र होता, म्हणून माती चुनखडीची. द्राक्ष एकच, शार्डोने. हवा थंड, त्यामुळं मण्यातला आंबटपणा टिकतो. साखर जवळजवळ सगळी आंबवण्यात जाते. गार करून माशासोबत घ्या, बेदाण्यासोबत नको!

द्राक्षवाला, तासगाव: छाटणी कधी?

पलूसची बाग: एकदाच, हिवाळ्यात. आपल्यासारखी एप्रिलची खरड, ऑक्टोबरची फळछाटणी असं नाही. पण एप्रिलात कोवळ्या फुटीवर दहिवर गोठायला लागलं की रात्रभर ओळींमध्ये मोठाल्या मेणबत्त्या पेटवतात. नाहीतर पाणी फवारून फुटीवर बर्फाचं कवच चढवतात; त्यानं आतला कोंब वाचतो.

द्राक्षवाला, तासगाव: बर्फानं बर्फ अडवायचा? आमचं तर अवकाळीनं डावणी, म्हणजे बुरशीचा रोग, येते. आणि खुंट, कलमाखालचं मूळ, कुठला?

पलूसची बाग: अमेरिकी वंशाचाच, आपल्या डॉगरिजसारखा. १९व्या शतकात फायलोक्सेरा किडीनं मुळं खाल्ली, तेव्हापासून कलमं.

द्राक्षवाला, तासगाव: बरं. उरलेली अर्धी बाटली रविवारी सुरमईबरोबर. घरात सांगू नका.