हवा वाईट, पेपर वेळेवर

लाइनवाला:
काल 'मोकळा श्वास' यांनी इथे लिहिलं की एक्यूआय (हवा किती खराब ते सांगणारा आकडा) दोनशेपार गेल्याचा इशारा आला की पहाटे बाहेर पडू नका, खिडक्या लावा, प्युरिफायर चालू करा. वर शेवटी, 'एवढी साधी गोष्ट लोकांना का कळत नाही?' ते वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

कळते हो. मी चेंबूरला एकवीस वर्षं पेपरची लाइन टाकतो. साडेचारला पुलाखाली बसून पुरवण्या भरायच्या, सातच्या आत चौदा इमारती. 'पहाटे बाहेर पडणे टाळा' ही बातमी छापून येते त्या दिवशीही ती तुमच्या कडीला मीच अडकवतो.

महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांना नियम घातले. ३५ फुटी पत्रे, हिरवं कापड, पाण्याची फवारणी, डंपरची चाकं धुऊन बाहेर काढणं. माझ्या लाइनवर चार साइट आहेत. कापड एकीला आहे, तेही फाटकं. धुतलेलं चाक अजून बघायचंय. डिसेंबर २०२४ मध्ये भायखळा आणि बोरिवली पूर्वेची बांधकामं थांबवली, म्हणजे थांबवता येतात. मग दर वेळी पहिली बंदी चालणाऱ्यावर का?

मोकळा श्वास:
तुम्हाला उद्देशून नव्हतं ते. आमच्या सोसायटीत सत्तरीचे एक काका आहेत, त्यांना थंडीत सहाचीच 'शुद्ध हवा' लागते. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं होतं, धूर-धूळ खालीच कोंडते. ऊन तापलं, समुद्रावरून वारा सुटला की जरा मोकळं होतं. हे काकांना सांगितलं तर म्हणाले, आम्ही चाळीस वर्षं फिरतोय.

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला दमा आहे. गेल्या जानेवारीत इशारा बघूनही 'एका दिवसाने काय होतंय' म्हणून शाळेच्या मैदानावर पाठवली. रात्री दोन वाजता नेब्युलायझर लावून बसलो होतो. तेव्हापासून मी आकडा बघते. याला सुखवस्तूंचं खूळ म्हणायचं तर म्हणा.

आकडेमोड:
पण कुठला आकडा? सरकारी 'समीर' ॲप आणि फोनमधलं परदेशी ॲप यांत एकाच हवेचे दोन आकडे येतात. पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, चोवीस तासांत घनमीटरला सरासरी ६० मायक्रोग्रॅम असेल तर आपल्या पट्टीवर १००, म्हणजे 'समाधानकारक'. अमेरिकन पट्टीवर दीडशेच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा तर १५ मायक्रोग्रॅम आहे. एवढं समजून घेतलं की निम्मी भांडणं मिटतात.

लाइनवाला:
मिटली का?

पेठकरी:
हवा मोजणारी 'सफर' यंत्रणा पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची. मोजमाप आमचं, धूर तुमचा. चालू द्या.

डबल ब्रुन:
थोडं अवांतर. या सगळ्यात बळी गेला तो पावाचा. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅससारख्या इंधनावर न्या. आमच्या गल्लीतल्या बेकरीने शटरच ओढलं. आता जी लादी मिळते ती कापूस. विटांच्या भट्टीत मुरलेली आच पत्र्याच्या पेटीत कुठून येणार?

तिसरा मजला:
त्या मुरलेल्या आचेच्या वर मी राहते. भट्टीत काय जळतं ते कधी पाहिलंत? मोडक्या कपाटांचं भंगार, रंग आणि सनमायक्यासकट, पहाटे तीनपासून. आईच्या खोलीची खिडकी नेमकी धुराड्याच्या बाजूला. शेवटी तिला दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनी विचारलं, आजी चुलीवर स्वयंपाक करायच्या का? आमच्याकडे १९७८ पासून गॅस आहे.

डबल ब्रुन:
आईंचं वाचून वाईट वाटलं. तरी डंपर आणि कारखाने सोडून पाववाल्याला धरणं सोपं असतं, एवढंच म्हणणं.

तिसरा मजला:
सोपं? बारा वर्षं अर्ज केलेत. दर वेळी उत्तर एकच, 'गरिबाच्या पोटावर का पाय देता?' आणि देणारे सगळे लांब राहणारे, पाव तेवढा गरम हवा असणारे.

डबल ब्रुन:
हे वैयक्तिक झालं. माझा मामा भट्टीवर होता, मला शिकवू नका. गॅसची भट्टी बसवायचे पैसे कोण देणार, तुम्ही?

तिसरा मजला:
मामांची छाती कशी आहे?

डबल ब्रुन:
मामा गेले. छातीनेच. झालं समाधान?

खवय्या:
वडापाव संपवायचा हा डाव आहे, लिहून ठेवा.

माहुलकर:
वा! पावावर इतके प्रतिसाद. रिफायनऱ्यांच्या शेजारी, माहुलला, लोकांना 'पुनर्वसन' म्हणून आणून टाकलं, त्यावर अवाक्षर नाही. आम्हाला इशारा लागत नाही, वास येतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचं डंपिंग पेटलं, तो धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला. शेजारच्या गोवंडीत कोण कुठल्या खिडक्या लावणार होतं? असो. तुमची लादी गार होईल.

आकडेमोड:
माहुलकरांशी सहमत. नाइलाजाने, कारण मागच्या धाग्यावर त्यांनी मला 'एक्सेलबहाद्दर' म्हटलं होतं.

लाइनवाला:
मोकळा श्वास ताई, मुलगी आता बरी आहे ना? तुमचं पातेल्याच्या झाकणाचं पटलं. फक्त पेपर अकराला आला तर चालेल का, ते सोसायटीत विचारून सांगा.

मोकळा श्वास:
बरी आहे. पेपर मला चालेल, सासऱ्यांना नाही. तुम्ही मास्क तरी घाला, एन-९५, पट्टे कानाला नाही तर डोक्यामागून जाणारा. नाकावरची तार दाबून बसवा. रुमालाने पीएम २.५ अडत नाही.

लाइनवाला:
आहे एक. चौथ्या मजल्यापर्यंत चष्म्यावर वाफ येते, मग तो हनुवटीवर येतो.

मोकळा श्वास:
हनुवटीवर उपयोग नाही.

लाइनवाला:
हनुवटीलाही ते माहीत आहे.

डबल ब्रुन:
लाकडावरचा ब्रुन पाव अजून कुठे मिळत असेल तर कुणीतरी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

तिसरा मजला:
व्यनि कशाला, इथेच लिहा. पत्ता मलाही हवाय, अर्जासाठी.