शब्दचर्चा: ‘देवाची इच्छा’ होते, करतात की पारखतात?

शरणपूर रोड:
नमस्कार मंडळी. एक शब्द अडलाय. शब्द तसा पहिलीतल्या पोरालाही येणारा, म्हणूनच जास्त अडलाय.

मी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडे स्कूलला नऊ-दहा वर्षांच्या मुलांना शिकवते. गेल्या रविवारी प्रभूची प्रार्थना घेत होते. ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ इथवर आलो आणि एका मुलीनं हात वर केला. तिचे आजोबा जानेवारीत गेले. म्हणाली, “टीचर, आजोबा गेले तेव्हा सगळे म्हणत होते, देवाची इच्छा. मग आपण रोज देवाच्या इच्छेप्रमाणे होवो म्हणतो, म्हणजे कुणीतरी मरावं असं म्हणतो का?”

वर्गात कुणी हसलं नाही. मी काहीतरी पुटपुटले आणि पुढच्या ओळीतल्या भाकरीवर गेले.

घरी येऊन कागद घेतला आणि आपण हा शब्द कुठे कुठे वापरतो ते लिहून काढलं. मयत झालं, देवाची इच्छा. लग्न मोडलं, देवाची इच्छा. पोरगा तिसऱ्यांदा परीक्षेत आपटला, देवाची इच्छा. आणि नोकरी लागली तर? प्रभूची कृपा. फ्लॅट झाला, कृपा. बायपास नीट पार पडली, कृपा. चांगलं ते कृपेच्या खात्यात आणि वाईट ते इच्छेच्या, अशी वाटणी आपण कधी करून टाकली कोण जाणे.

तर प्रश्न असा, की मुलांना सांगायला दुसरा शब्द आहे का? मर्जी, संकल्प, योजना, हेतू, काहीही चालेल. ‘प्लॅन’ नको, त्यांना लगेच मोबाइलचा रिचार्ज आठवतो.

निवृत्त मास्तर:
‘मर्जी’ नको हो. मर्जी राखावी लागते, मर्जीतली माणसं असतात, साहेबांची खप्पामर्जी होते. हा कचेरीतला शब्द आहे, लहरीवर चालणारा. गंमत म्हणजे मर्जी, राजी आणि रजा हे तिन्ही एकाच अरबी धातूतून आलेत. राजी म्हणजे संतुष्ट, कबूल; रजा म्हणजे मुळात संमती. मराठीत येता येता राजी साधा राहिला, रजा अर्जावर गेली आणि मर्जी तेवढी वरिष्ठांकडे उरली.

तुम्ही शरणपूरच्या म्हणून सांगतो. १८५० च्या दशकात मिशनऱ्यांनी नाशिकची ती वस्ती वसवली, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट. आफ्रिका पालथी घालणारा प्रवासी लिव्हिंग्स्टन, त्याच्या शवासोबत तो आफ्रिकेतून थेट लंडनला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत त्या शवपेटीला त्याचाही हात होता. मालकाची मर्जी म्हणजे काय हे ज्या पोरांच्या अंगाला ठाऊक होतं, त्यांच्यासमोर देवाच्या बाबतीत तोच शब्द वापरायची माझी तरी छाती झाली नसती.

आता ‘इच्छा’. संस्कृत धातू इष्, म्हणजे इच्छिणे. त्याच धातूचं ‘इष्ट’: इच्छिलेलं, हवंसं. त्याच्या उलट ‘अनिष्ट’. म्हणजे शब्दशः पाहिलं तर अनिष्ट म्हणजे कुणी न इच्छिलेलं. आणि आपण घरात काही अनिष्ट घडलं रे घडलं की म्हणतो, ‘देवाची इच्छा’! न इच्छिलेली इच्छा. तुमच्या त्या मुलीला व्याकरण शिकवायची गरज नाही, तिचा कान शाबूत आहे.

नाशिकरोडची ताई:
मास्तर, मर्जी बायबलमध्ये आहे. यशया ५३:१०, ‘त्याला ठेचावे असे परमेश्वराच्या मर्जीस आले’. दर शुभ शुक्रवारी वाचतो आपण.

शब्दाचा आणखी एक घोळ माझ्या दारात दर फेब्रुवारीला होतो. बाळ येशूच्या यात्रेला सगळ्या धर्मांचे लोक येतात, मेणबत्त्या लावतात. त्या दोन दिवसांत ‘इच्छा’ शब्द शंभरदा कानावर पडतो, पण तो आपल्या इच्छेचा. ‘माझी इच्छा पूर्ण झाली, म्हणून आले.’ त्यात वाईट काही नाही, मीही मुलाच्या वेळी मेणबत्ती लावलीय. पण इच्छा ‘पूर्ण करणारा’ देव एवढं मनात बसलं, की देवाची इच्छा पूर्ण करणारे आपण, हे वाक्य उलटं लिहिल्यासारखं वाटायला लागतं.

निवृत्त मास्तर:
ताई, मर्जीबद्दल सपशेल माघार. पण तिथे ‘मर्जीस येणे’ आहे. मर्जी करणे, मर्जी पारखणे असं मराठीत होत नाही. मर्जी फक्त वरून खाली येते.

सराफ कट्टा:
मी चर्चला जाणारा नाही. बायको जाते, मी तिला सोडायला जातो आणि बाहेर बाकावर बसतो. लाउडस्पीकरमुळे ऐकून ऐकून पाठ झालंय. मास्तरांनी ‘पारखणे’ म्हटलं म्हणून तोंड घालतो.

रोमकरांस पत्र, १२:२, ‘देवाची उत्तम, ग्रहणीय व परिपूर्ण इच्छा काय आहे हे तुम्ही समजून घ्यावे’. हे ‘समजून घ्यावे’ मला नेहमी मिळमिळीत वाटायचं. बायकोच्या अभ्यासवर्गाला एक पाहुणे आले होते, त्यांना विचारलं. म्हणाले, तिथे ग्रीक शब्द आहे दोकिमाझेइन, आणि तो नाणं किंवा धातू खरा आहे का हे तपासण्यालाही वापरत. मी म्हटलं, साहेब, मग हे आमचं काम आहे!

सराफ बाजारात आमचं दुकान तीन पिढ्यांचं. आता मशीन आलंय, पण आजोबांची कसोटी अजून गल्ल्याशेजारी असते. काळा गुळगुळीत दगड, तळहाताएवढा. दागिना त्यावर ओढायचा, पिवळी रेघ उमटते. शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढायची. मग तेजाबाचा थेंब. खोटं असेल ते पुसट होतं, खरं टिकतं. नुसतं बघून सांगणारा सराफ एक तर थापा मारतो, नाही तर चाळीस वर्षं घासून घासून त्याचा डोळा तयार झालेला असतो. माझे आजोबा दुसऱ्या प्रकारातले, पण तेही मोठा दागिना असला की दगड काढायचेच.

तेव्हा माझं मत असं, की शब्द ‘इच्छा’च ठेवा. क्रियापद बदला. ‘देवाची इच्छा होती’ म्हणायला दगड लागत नाही. ‘देवाची इच्छा पारखली’ म्हणायचं तर शेजारी दुसरी रेघ ओढावी लागते. ती कुठून आणायची ते तुम्ही मंडळी जास्त जाणता.

शरणपूर रोड:
सराफदादा, बाकावरून आत येऊन बसा कधीतरी.

तुमचं वाचून मी बायबल घेऊन बसले आणि इच्छेच्या शेजारची क्रियापदं तपासत गेले. मत्तय ७:२१, ‘प्रभूजी, प्रभूजी’ म्हणणाऱ्यांबद्दल: ‘जो माझ्या स्वर्गातील पित्याच्या इच्छेप्रमाणे वर्ततो’. स्तोत्र ४०: ‘तुझ्या इच्छेप्रमाणे करण्यात मला आनंद आहे’. वर्तणे, करणे. आणि जवळजवळ सगळीकडे तो ‘प्रमाणे’ चिकटलेला. प्रमाण म्हणजे माप. शिंपी मापाप्रमाणे शिवतो तसं. कापड, कात्री, हात त्याचेच, माप दुसऱ्याचं.

ज्या वापरावरून ही चर्चा सुरू झाली तोही सापडला. प्रेषितांची कृत्ये २१:१४. पौलाला यरुशलेमला जाऊ नको म्हणून सगळे रडून विनवतात, तो ऐकत नाही, मग ‘प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणून गप्प राहतात. आपल्या घरातलंच दृश्य. बोलणं खुंटलं की हे वाक्य.

माझी खरी चीड सांगते. आमच्या नात्यातले एक काका गेले. बीपीच्या गोळ्या त्यांनी स्वतः बंद केल्या होत्या, प्रार्थनेनं बरं वाटतंय म्हणून. काकू रोज वाटीत गोळी ठेवायच्या, ते कुंडीत टाकायचे. नंतर माती उकरताना सापडल्या. आणि दफनाच्या वेळी चार जण एकामागून एक काकूंना म्हणाले, देवाची इच्छा. काकू त्या कुंडीकडे बघत होत्या.

नाशिकरोडची ताई:
तुझी चीड कळते. पण मी सत्तावीस वर्षं नर्स होते, दुसरी बाजूही सांगू दे.

आयसीयूच्या बाहेर रात्री तीनला नातेवाईक बसलेले असतात. डॉक्टर येऊन सांगतात आणि जातात. त्यानंतरच्या पाच मिनिटांत माणसाला धरायला काहीतरी लागतं. तेव्हा तो ‘प्रभूची इच्छा’ म्हणतो त्यात काही सिद्धान्त नसतो ग, पडू नये म्हणून भिंतीला हात लावतो तसं ते असतं. ज्याचं माणूस गेलं त्यानं म्हटलं तर मी कधी खोडणार नाही. फुलांचा हार घेऊन आलेल्यानं दुसऱ्याला ऐकवलं तर मात्र मीही मान फिरवते. वाक्य तेच, बोलणारं तोंड कुणाचं ते बघ.

अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेतही ते ज्याच्यावर प्रसंग होता त्या येशूनंच म्हटलं ना. शेजारचे शिष्य झोपले होते.

निवृत्त मास्तर:
ताई, तुम्ही लूक २२:४२ वर आणून सोडलंत, तिथे शब्दांची मेजवानी आहे. ‘हे पित्या, तुझी इच्छा असली तर हा प्याला माझ्यापासून दूर कर, तथापि माझ्या इच्छेप्रमाणे नको तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे.’ मराठीत इच्छा, इच्छा, इच्छा. ग्रीकमध्ये पहिल्या ठिकाणी ‘बूलोमाई’चं रूप आहे आणि पुढे ‘थेलेमा’. या दोहोंत काटेकोर भेद करावा का यावर विद्वानांना भांडू द्या. पण मराठी कान लावला तर पहिलं ‘तुझ्या मनात असेल तर’ असं ऐकू येतं. आपण मोठ्या माणसाकडे मागतो तेव्हा हेच म्हणतो. बाबा, तुमच्या मनात असेल तर. म्हणजे इच्छेपुढे मान तुकवण्याआधी त्यानं स्वतःचं मागणं स्पष्ट मांडलं. प्याला, म्हणजे समोरचं दुःख, नको आहे, हे सांगितलं. आपल्याकडे ही पायरी गाळतात आणि थेट ‘होऊ दे’वर उडी मारतात.

‘संकल्प’ही बायबलमध्ये आहे, इफिसकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात. भारदस्त आहे, पण दहा वर्षांच्या मुलीला तो एक जानेवारीचा वाटेल. पंडिता रमाबाई १९२२ साली वारल्या, तोवर मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणायचं काम करत होत्या, खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. त्यांचा धडा घ्यावा. माझं मत: मुलांना ‘देवाच्या मनात काय आहे’ असं सांगा. मन सगळ्यांना कळतं.

नवीन वाचक:
मध्येच एक शंका. स्थळ आलं की आमच्याकडे ‘प्रार्थनेत ठेवलंय’ म्हणतात. याचा नक्की अर्थ काय? मला चार महिने झाले प्रार्थनेत ठेवून.

नाशिकरोडची ताई:
बाळा, दुसरं स्थळ बघ.

पिंपळगावची बाग:
तुमची चर्चा ट्रॅक्टरवर बसून वाचतोय, उत्तर तुकड्या-तुकड्यात देईन.

आमच्या भागात कुणी ‘द्राक्षमळा’ म्हणत नाही. बाग म्हणतो. पुस्तकात मळा आहे, तर असू दे. पण योहान १५ मध्ये बाप फळ देणाऱ्या फाट्याला ‘साफसूफ करतो’ असं वाचलं की आमचे गडी हसतात. साफसूफ म्हणजे ओटा पुसणं. बागेत करतात ती छाटणी.

निवृत्त मास्तर:
भाषांतरकाराची बाजू घेतो. ग्रीकमध्ये तिथे स्वच्छ करणे असाच शब्द आहे, आणि पुढच्याच ओळीत ‘तुम्ही शुद्ध आहा’ त्याच मुळातून येतं. छाटणी म्हटलं तर तो धागा तुटतो.

पिंपळगावची बाग:
बरं, तसं असेल तर ठीक. पण शुद्ध करताना कात्री लागते एवढं वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

सध्या आमची खरड छाटणी चालू आहे, एप्रिलची. माल निघाला की ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, एखादा डोळा ठेवून सगळं कापायचं. तीन दिवसांत हिरवी बाग बोडकी. मुंबईचा पाहुणा आला की विचारतो, रोग पडला का? यात घड मिळत नाही. यात काडी तयार होते, आणि ऑक्टोबरात पुन्हा छाटतो तेव्हा घड निघतात. कापणाऱ्याला ऑक्टोबर माहीत असतो, वेलीला नसतो. पण म्हणून गारपिटीत बाग झोपली तर मी तिला छाटणी म्हणणार नाही. ती गारपीट. दोन्हींत काड्याच तुटतात, पण मी त्या एका नावानं लिहीत नाही. टीचरबाई, तुमच्या मुलीला हे सांगून बघा, नाशिकची आहे, कळेल.

शरणपूर रोड:
हे मी फळ्यावर काढूनच दाखवीन. पण ती विचारणार, आजोबा छाटणी की गारपीट?

पिंपळगावची बाग:
तिला सांगा, माहीत नाही. मलाही माझ्या वडिलांचं अजून माहीत नाही. आजोबांची आठवण येते का विचारा, तेवढं पुरे.

दुसरं, मास्तर म्हणतात ते मन-बिन ठीक, पण बापाच्या मनातलं कळण्यात अडचण फार कमी वेळा असते. मत्तय २१ मधली दोन मुलांची गोष्ट घ्या. बाप सांगतो, आज द्राक्षमळ्यात जाऊन काम कर. एक ‘जातो’ म्हणतो आणि जात नाही, दुसरा ‘नाही जात’ म्हणतो आणि मागाहून पस्तावून जातो. मग प्रश्न, बापाच्या इच्छेप्रमाणे कोणी केले? त्यात इच्छा शोधायला कुणी उपास धरला नव्हता. ती सकाळीच सांगून झाली होती. माझी आई म्हणायची, मीखा ६:८ आधी पुरं करा, मग पुढची इच्छा विचारा. नीतीने वागणे, आवडीने दया करणे, नम्रभावाने चालणे. गड्याची मजुरी शनिवारच्या शनिवारी देणं त्यात येतं, हे तिचं भाष्य. ती शाळेत गेली नव्हती.

सराफ कट्टा:
ही घ्या तुमची शेजारची रेघ.

पिंपळगावची बाग:
थांबतो आता, पाच ओळी छाटायच्या राहिल्यात. मोठा सकाळी ‘येतो दादा’ म्हणाला होता, अजून पत्ता नाही. धाकटा रात्री भांडून झोपला, ‘मला नाही जमणार’ म्हणून. तो बांधावर दिसतोय, कात्री घेऊन.