विषय: १२० दिवसांची मर्यादा आणि मार्चअखेरपर्यंतचा मुक्काम

प्रेषक: दुबई / मकरपुरा

सप्रेम नमस्कार. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढे गेल्याने मला मार्चअखेरपर्यंत बडोद्यातच राहावे लागणार आहे, म्हणजे या आर्थिक वर्षात भारतातील माझे १२० दिवस ओलांडले जातील आणि करासाठी मी येथील निवासी ठरण्याचा प्रश्न येईल; नेहमीची १८२ दिवसांची मर्यादा मात्र गाठली जाणार नाही. कारखान्याचे येथील उत्पन्न १५ लाखांच्या वर असल्याने १२० ची मर्यादा मला लागू शकते. दुबईच्या व्यवसायावरही आता भारतात कर बसेल का, हे जाणकारांनी कृपया कळवावे. तिकीट शुक्रवारपर्यंत बदलायचे आहे.

प्रेषक: रावपुरा

तिकिटाआधी मागील चार वर्षांचे दिवस मोजा. २०२० च्या वित्त कायद्याने आणलेली १२० दिवसांची अट एकटी लागत नाही. आधीच्या चार वर्षांत मिळून किमान ३६५ दिवस भारतात झाले असतील तरच ती लागते. तेवढे झाले असले तरी तुम्ही ‘निवासी परंतु सामान्यतः निवासी नसलेले’ ठराल, आणि त्या दर्जात परदेशातील धंद्याच्या उत्पन्नावर येथे कर बसतो तो केवळ धंद्याचे नियंत्रण भारतातून होत असेल तर. मला काळजी आहे ती याचीच. दुबईचे दर, उधारी आणि बँकेच्या सह्या मकरपुऱ्यात बसून होत असतील आणि तो धंदा एकट्याच्या मालकीचा असेल, तर हा अपवाद थेट तुमच्यावर येतो. तेथे कंपनी असेल तर तिच्या प्रभावी व्यवस्थापनाचे ठिकाण, म्हणजे तिचे मुख्य निर्णय जेथून होतात ती जागा, स्वतंत्रपणे पाहतात. मात्र वर्षाची उलाढाल ५० कोटी रुपये किंवा त्याहून कमी असल्यास ती कसोटी लावू नये, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचे २०१७ चे परिपत्रक आहे.

प्रेषक: शारजा

काकांच्या उत्तरात थोडी भर घालते. निवास परवाना असून येथे कायमचे घर किंवा व्यवसाय असणाऱ्यास अमिराती मार्च २०२३ पासून ९० दिवसांवरही करनिवासी मानते. परंतु दुहेरी कर टाळण्यासाठी भारताशी झालेल्या करारात व्यक्तीसाठी कॅलेंडर वर्षातील किमान १८३ दिवस लिहिलेले आहेत. माझ्या भावाला त्याच्या सल्लागाराने हा फरक सांगितलाच नाही, आणि कराराचा लाभ मागताना त्याची फार ओढाताण झाली. शिवाय दादांचा जानेवारी ते मार्चचा मुक्काम येथील नव्या वर्षातून वजा होईल, हे त्यांनी आताच लक्षात घ्यावे.

प्रेषक: लंडन

ताई, वर्षांचा हा घोळ आम्हालाही आहे, कारण आमचे करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते. शिवाय येथे साधारणपणे मध्यरात्री देशात असाल तोच दिवस मोजतात, तर भारतात येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस धरणे सुरक्षित. वडील आजारी असताना माझ्या वारंवार फेऱ्या झाल्या, तेव्हापासून मी दोन्ही देशांचे हिशेब वेगवेगळ्या वह्यांत ठेवतो.

प्रेषक: सचिव

वैयक्तिक करप्रश्न लेखा समितीकडे पाठवावेत असे मागील वार्षिक सभेत ठरले होते. चर्चा उपयुक्त असल्याने ती थांबवत नाही, परंतु उत्पन्नाचे आकडे येथे लिहू नयेत.

प्रेषक: रावपुरा

समितीचा मान राखूनच लिहितो. प्रश्न समितीकडे गेला असता तर शारजाहून आलेली १८३ दिवसांची माहिती सभासदांपर्यंत पोहोचली नसती. अशा बाबी सर्वांसमोर याव्यात, असे मला मनापासून वाटते.

प्रेषक: दुबई / मकरपुरा

सर्वांचे आभार. चार वर्षांचे दिवस ३६५ च्या पुढे जातात. दुबईत कंपनीच आहे आणि तिची उलाढाल ५० कोटींच्या बरीच खाली आहे. तेव्हा आईजवळ थांबतो. काका, कंपनीचा लाभांश या महिन्यात येथील खात्यावर मागवू का?

प्रेषक: रावपुरा

मागवू नका. परदेशातील उत्पन्न पहिल्यांदा भारतातच हाती आले, तर या दर्जातही ते करपात्र ठरते. लाभांश आधी दुबईच्या खात्यात जमा होऊ द्या, त्याची नोंद ठेवा, आणि पारपत्रावरील शिक्क्यांच्या प्रती घेऊन सोमवारी कार्यालयात या.