प्रकाशाने योनीतील रक्तप्रवाह मोजून तक्रारीचे कारण कळते का?

प्रश्न
माझे वय ४४ असून ११ वर्षांपासून मधुमेह आहे. गेली दीड-दोन वर्षे मनात इच्छा असूनही संबंधाच्या वेळी पुरेसा ओलावा येत नाही आणि दुखते. डॉक्टरांना विचारले, तेव्हा ‘या वयात असे चालायचेच’ एवढेच उत्तर मिळाले. योनीत छोटा प्रोब ठेवून प्रकाशाने रक्तप्रवाह मोजतात, असे वाचनात आले. त्यावरून माझ्या त्रासाचे कारण समजू शकेल का?

पहिले उत्तर
मी जैववैद्यकीय अभियंता असून असा प्रोब प्रयोगशाळेत हाताळला आहे. तत्त्व पल्स ऑक्सिमीटरच्या जवळचेच आहे. मात्र तिथे प्रकाश बोटातून आरपार जातो, तर इथे तो योनीच्या भिंतीवरून परत येतो. सिंचॅक आणि गीर यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या या उपकरणात टॅम्पॉनएवढ्या पारदर्शक नळीत प्रकाशाचा स्रोत आणि परतणारा प्रकाश टिपणारा संवेदक असतो. ऊतींमध्ये रक्त वाढले की प्रकाश अधिक शोषला जातो, आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक पडद्यावर एक लहान लाट उमटते. उत्तेजनेबरोबर या लाटांची उंची वाढते.

अडचण अशी, की ही उंची विद्युतदाबात मिळते आणि तिचे रक्ताच्या मिलिलिटरमध्ये रूपांतर करता येत नाही. नुसता खोकला आला किंवा प्रोब किंचित फिरला, तरी आलेख उसळतो. त्यामुळे एकाच स्त्रीच्या एकाच बैठकीतील बदल पाहता येतो. पण रक्तातील साखरेला असते तशी ‘सामान्य’ मर्यादा इथे ठरलेली नाही.

दुसरे उत्तर
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. ताई, ‘चालायचेच’ हे उत्तर आपण मुळीच मान्य करू नका.

नेदरलँड्समधील लान आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उत्तेजनेची तक्रार असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांची याच पद्धतीने तुलना केली, तेव्हा दोन्ही गटांच्या रक्तप्रवाहाच्या प्रतिसादात फरक आढळला नाही. मात्र त्या स्त्रिया अन्यथा निरोगी होत्या. दीर्घकाळच्या मधुमेहात रक्तवाहिन्या आणि नसा यांना खरोखरच इजा होऊ शकते, म्हणून तो निष्कर्ष आपल्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही हा प्रोब मुख्यतः संशोधनाचे साधन आहे आणि त्याच्या आलेखावरून मी आपले निदान करणार नाही.

आपली एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी), पाळीतील बदल, नैराश्य किंवा रक्तदाबाची औषधे आणि प्रत्यक्ष तपासणी यांतून अधिक कळेल. इस्ट्रोजेन कमी होत असल्यास योनीत लावायचे क्रीम उपयोगी पडते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी आपण घेता का, हेही कळवावे, कारण तिच्यामुळे बुरशीचा संसर्ग वाढू शकतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर
होय, डापाग्लिफ्लोझिन सुरू होऊन सुमारे दोन वर्षे झाली. मधूनमधून खाजही सुटते. साबण बदलल्यामुळे असेल, असे समजून मी ती कोणाला सांगितली नव्हती.

दुसरे उत्तर देणारे
गोळी स्वतःहून बंद करू नका. खाज सुटत असतानाच तपासणीला जा आणि योनीतील स्रावाची तपासणी करून घ्या. संसर्ग असल्यास त्यावरचे उपचार सोपे आहेत. तो बरा झाल्यावरही दुखणे राहिले, तर पुढचा शोध घेता येईल.