‘इज सेड टू बी’ : इंग्रजी माहितीपत्रकात ठेवायचं की खोडायचं?

कृष्णाकाठ (सांगली)

सातारा-सांगलीची ठिकाणं इंग्रजीत सांगणारी पत्रकं, मुलांचे प्रकल्प, गाइडांसाठीची टिपणं, काहीही उघडा, ‘इट इज सेड दॅट’ आणि ‘इज बिलीव्ह्ड टू बी’ यांचा नुसता सुकाळ. माझं मत : यातली बहुतेक कर्मणी रूपं खोडावीत.

एक तर नोंद असलेली गोष्टही त्यामुळे ऐकीव होते. ‘द कृष्णा इज सेड टू राइज नीअर महाबळेश्वर’ वाचून परक्या माणसाला वाटेल, उगमाबद्दलच वाद आहे. ‘राइजेस’ लिहा, संपलं. ‘कास इज कन्सिडर्ड अ वर्ल्ड हेरिटेज साइट’ हेही तसंच. पश्चिम घाटासोबत कासचं पठार २०१२ साली जागतिक वारसा यादीत आलं, तो कुणाचा समज नव्हे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथे ‘इज रिगार्डेड ॲज’ कशाला हवं?

दुसरं म्हणजे मानणारा कोण, हेच गायब होतं. म्हणून माझा नियम : मानणारा सांगता येत असेल तर त्याला कर्ता करा. येत नसेल तर वाक्यच काढा.

माहुलीसंगम (सातारा)

कृष्णेचं आणि कासचं वाक्य मान्य. नियम अजिबात मान्य नाही.

विष्णुदास भाव्यांचं घ्या. १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ झालं, ही घटना. ती सरळ लिहायची : ‘भावे स्टेज्ड’. पण ते मराठी रंगभूमीचे जनक, हे मूल्यमापन आहे. तंजावरच्या भोसले दरबारात त्याआधीच मराठी नाटकं लिहिली गेली होती. ‘भावे इज द फादर’ असं ठोकून दिलं तर तंजावर पुसलं जातं. वाक्य काढलं तर सांगलीची ओळख जाते. ‘भावे इज रिगार्डेड ॲज द फादर ऑफ मराठी थिएटर’ हे इथलं सगळ्यात अचूक वाक्य आहे, कारण मानणारा एक समीक्षक नाही, सगळं नाट्यविश्व आहे.

शिवाय परिच्छेद भाव्यांवर असेल तर वाक्य भाव्यांपासूनच सुरू व्हायला हवं. ‘स्कॉलर्स रिगार्ड भावे ॲज’ लिहिलं की विद्वान पुढे येऊन बसतात आणि पुढच्या वाक्यातला इंग्रजी ‘ही’ म्हणजे कोण, ते धड कळत नाही.

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिराचंही तेच. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री तिथेच उगम पावतात ही श्रद्धा आहे. ‘आर बिलीव्ह्ड टू स्प्रिंग फ्रॉम’ लिहिलं की भूगोल बिघडत नाही, श्रद्धेचाही मान राहतो.

कृष्णाकाठ

भाव्यांच्या बाबतीत मानणारं सगळं नाट्यविश्व आहे, म्हणून चालून गेलं. कोयनेचं काय? ‘द १९६७ अर्थक्वेक इज बिलीव्ह्ड टू हॅव बीन ट्रिगर्ड बाय द रिझर्व्हॉयर.’ मानणारे भूकंपशास्त्रज्ञ की गावकरी? दोघांच्या मानण्याचं वजन सारखं आहे का? इथे ‘मेनी सायझ्मॉलॉजिस्ट्स थिंक’ हाच प्रामाणिक मार्ग.

देशावरचा (पाटण)

कोयनेच्या वाक्यात कर्ता बदलण्याआधी क्रियापद तपासा. ही क्रियापदं एकाच वजनाची नाहीत. ‘रूमर्ड’ म्हणजे नुसती कुजबुज. ‘सेड’ म्हणजे लोक बोलतात, लिहिणारा हात झटकून मोकळा. ‘सस्पेक्टेड’ म्हणजे काही खुणा आहेत. ‘थॉट’ आणि ‘बिलीव्ह्ड’ म्हणजे कारणं देऊन मांडलेलं मत. ‘नोन’ सगळ्यांत जड, कारण ‘इज नोन टू हॅव’ लिहिलं की ते खरं असल्याची हमी लिहिणारा स्वतः देतो.

११ डिसेंबर १९६७ च्या धक्क्यापुरतं बघायचं तर जलाशयात पाणी साठू लागल्यावर लहान धक्के वाढले होते, म्हणून ‘सेड’ फारच हलकं. ‘इज वाइडली थॉट’ हे शास्त्रीय लेखनात रुळलेलं आहे, आणि त्यातलं ‘वाइडली’ मत किती पसरलेलं आहे ते सांगतं. ‘ट्रिगर्ड’ही मुद्दाम आहे. भ्रंशात, म्हणजे खडकांतल्या भेगेत, आधीच साठलेला ताण जलाशयामुळे मोकळा झाला, असा त्याचा अर्थ. ‘कॉज्ड’ लिहिलं तर सगळी ऊर्जाच पाण्याने दिली असं होईल.

काळाचीही एक खुबी आहे. ‘बिफोर १९६७ द पेनिन्शुला वॉज कन्सिडर्ड स्टेबल.’ म्हणजे १९६७ आधी भारताचं द्वीपकल्प भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानत. या ‘वॉज’मध्ये आज तसं मानत नाहीत हे आपोआप येतं. 

शिकवणी (कराड)

तुम्ही ठेवा की खोडा यावर भांडताय, पण खरी पडझड रूप बांधताना होते. बारावीची मुलं ‘पीपल से दॅट ही इज ऑनेस्ट’चं ‘इट इज सेड दॅट ही इज ऑनेस्ट’ करतात आणि थांबतात. ‘ही इज सेड टू बी ऑनेस्ट’ हे दुसरं रूप येत नाही, आणि लेखनात तेच जास्त लागतं.

मी फळ्यावर दोन प्रश्न मांडते. मानणं कधीचं? त्यावरून ‘इज’ की ‘वॉज’. मग, घटना मानण्याच्या आधीची आहे का? नसेल तर ‘टू बी’, चालू असेल तर ‘टू बी लिव्हिंग’, आधीची असेल तर ‘टू हॅव’ आणि तिसरं रूप. ‘द वेल इज बिलीव्ह्ड टू बी बिल्ट इन द सेव्हन्टीन्थ सेंच्युरी’ इथेच मुलं पडतात. बांधकाम जुनं, म्हणून ‘टू हॅव बीन बिल्ट’.

प्रत्येक क्रियापद या साच्यात बसत नाही. ‘इट इज होप्ड दॅट ही विल कम’ चालतं, ‘ही इज होप्ड टू कम’ चालत नाही, तिथे ‘एक्स्पेक्टेड’ घ्या. ‘इट इज टोल्ड दॅट’ चूक, कारण ‘टेल’ला कुणाला ते लागतं. ‘इज कॉल्ड ॲज’मधला ‘ॲज’ काढा, ‘रिगार्डेड’ आणि ‘नोन’सोबत ठेवा. ‘सांगली इज नोन फॉर टर्मरिक’ म्हणजे हळदीसाठी प्रसिद्ध. ‘नोन ॲज’ लिहिलं तर सांगलीचं नावच हळद होतं.

पाहण्या-ऐकण्याचं वेगळंच. ‘दे सॉ हिम लीव्ह’ला ‘टू’ नसतो, कर्मणीत येतो : ‘ही वॉज सीन टू लीव्ह’. अख्खं जाणं पाहिलं तर हे, जाता जाता दिसला तर ‘सीन लीव्हिंग’. पोलिसांच्या जबाबाचं भाषांतर करणाऱ्यांनी हा फरक पाळलाच पाहिजे. आणि ‘द प्लॅटो इज लुक्ड पर्पल’ असं रूपच नाही. ‘लुक’, ‘साउंड’, ‘स्मेल’ या अर्थाने कर्तरीतच राहतात : ‘लुक्स पर्पल’.

माहुलीसंगम

ताई, ‘सपोज्ड टू’ राहिलं. ‘द गाइड इज सपोज्ड टू बी हिअर’ म्हणजे तो इथे असल्याचा समज आहे, की त्याने इथे असायला हवं? सूचनाफलकावर वाचणारा दुसराच अर्थ घेतो. समज सांगायचा तर ‘थॉट’ लिहावं.

कृष्णाकाठ

क्रियापदांच्या वजनाचं पटलं, माझ्या नियमात ते नव्हतं. तरी एक जागा सोडणार नाही : गुन्ह्याची बातमी. ‘ही इज अलेज्ड टू हॅव टेकन’ यात आरोप कुणी केला ते नाही, आणि ‘अलेज्ड’ लावलं म्हणून बदनामीच्या दाव्यातून कुणी आपोआप सुटत नाही. फिर्यादी की पोलीस, ते लिहायलाच हवं.

देशावरचा

तिथे तुमच्या बाजूने. माणसाची अब्रू पणाला लागली की आरोप करणारा वाक्यात हवाच.

गडाखाली भुयार असल्याच्या ऐकीव गोष्टीचं मात्र कर्मणीतच राहू द्या : ‘देअर इज सेड टू बी अ टनेल’. भुयारं अनेक असतील तर ‘देअर आर सेड टू बी टनेल्स’, तो ‘आर’ बरेच जण विसरतात. आणि कुणी मोजमाप घेऊन नकाशा केला, की त्याच दिवशी ‘सेड टू बी’ काढून लांबी लिहा.