गावातल्या स्वयंसेवकाला मोबदला असावा की नसावा?

माणदेशी_शिवार (धागाकर्ता)

गावात नवे नेतृत्व घडावे असे खरोखर वाटत असेल, तर स्वयंसेवकाची जेवढी मजुरी बुडते तेवढा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे. ते कशामुळे झाले ते सांगतो.

२०१८ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत माण तालुक्यातील आमच्या गावाने भाग घेतला होता. ८ एप्रिल ते २२ मे असे ४५ दिवस काम चालले. प्रशिक्षणाला गावातून पाच जण गेले, त्यांत मी होतो आणि मागासवर्गीय वस्तीतील एक शेतमजूर बाई होत्या. सलग समतल चर, म्हणजे उतारावर पाणी अडवण्यासाठी एकाच पातळीत खोदायचे लांब चर, आखण्यासाठी ए-फ्रेम वापरतात; दोन सारख्या उंचीच्या बांबूंना मधे आडवी काठी बांधायची, वरच्या टोकापासून दोरीला दगड लोंबकळत सोडायचा आणि दोरी आडव्या काठीवरच्या मध्यखुणेवर स्थिरावली की चौकटीच्या दोन्ही पायांखाली खुणेसाठी फक्की (पांढरी भुकटी) टाकायची. आम्हा चौघांना दगड स्थिर होण्याइतका धीर नसायचा. बाई मात्र चौकट टेकवून, दोरीला हात न लावता, नुसत्या बघत उभ्या राहायच्या. त्यांनी आखलेल्या चरात जूनच्या पहिल्या पावसाचे पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या पातळीला उभे राहिले, तसे माझ्या चरात राहिले नाही.

एकोणिसाव्या दिवसापासून त्या यायच्या थांबल्या. कांदा काढणी सुरू झाली होती. एकदा टोळीतून नाव गेले की मुकादम पुन्हा घेत नाही, आणि वर्षातले हातात पैसा पडण्याचे तेवढेच दिवस. समारोपाला आम्हा चौघांना फेटे बांधले गेले. चौघांच्याही घरी बागायत किंवा नोकरी होती. पुढच्या ग्रामपंचायत निवडणुकीत त्यांतले दोघे सदस्य झाले. श्रमदानातून नेतृत्व उभे राहिले हे कबूल आहे, पण ज्याला दीड महिना बिनमोबदला काम परवडले त्याचेच उभे राहिले. या मोजमापाने आपण गावातील निम्मी माणसे आधीच वगळतो.

बांधावरून

आपण सांगितलेला प्रसंग वाचून वाईट वाटले, तरीही निष्कर्षाशी सहमत होता येत नाही. हिवरे बाजारमध्ये १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा गावात पाणी नव्हते, चारा नव्हता आणि माणसे मजुरीसाठी बाहेर जात होती. अशा गावाने नसबंदी, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी यांच्या बरोबरीने श्रमदान हे तत्त्व म्हणून स्वीकारले. सरकारी योजनांचा पैसा त्या गावानेही घेतला, हे मला ठाऊक आहे. तरी त्याच योजना शेजारच्या गावांनाही उपलब्ध होत्या, आणि फरक पडला तो लोक आपणहून बांधावर आल्यामुळे पडला.

पैसा आला की त्याच्या मागोमाग हजेरीपट येतो, हजेरीपटामागे मुकादम येतो आणि मुकादमामागे खोट्या हजेऱ्या. आमच्या गावात एका प्रकल्पाने समितीच्या बैठकीला उपस्थिती भत्ता ठेवला होता. तीन वर्षे बैठकांना जागा पुरत नव्हती. प्रकल्प संपला आणि पुढच्या महिन्याच्या बैठकीला मी, शिपाई आणि अध्यक्षांचा मुलगा एवढेच होतो. ज्या सवयी दाम मोजून लावल्या जातात त्या दामाबरोबर जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

एक_गटप्रवर्तक

मी गेली अनेक वर्षे आशांसोबत काम करते, म्हणून या चर्चेत लिहिणे मला भाग आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ आल्या आणि आपल्या राज्यात त्यांचे अधिकृत नाव ‘आशा स्वयंसेविका’ असे पडले. गरोदर बाईची नोंद, बाळंतपणाला सोबत, नवजात बाळाच्या घरभेटी, लसीकरण, क्षयरोगाचा पाठपुरावा, करोनाच्या काळात घरोघर ताप मोजणे, ही सगळी कामे त्यांच्याकडे. मात्र त्या कर्मचारी नाहीत, कारण त्या ‘स्वयंसेविका’ आहेत. सेवेचा गौरव करणारा हा शब्द त्यांना निवृत्तिवेतन आणि भरपगारी रजा नाकारण्यासाठी वापरला जातो. मोबदल्यात थोडी वाढ हवी म्हटले तरी त्यांना पुन्हा पुन्हा संप करावा लागला आहे.

बांधावरून दादा, एक नम्रपणे विचारते. सरपंचांना मानधन आहे, आणि २०२४ मध्ये राज्य सरकारने ते दुप्पट केले. त्यामुळे सरपंचांची सेवावृत्ती संपली असे कोणी म्हटले नाही. मग वस्तीवरची बाई मजुरी मागते तेव्हाच सेवाभावाची आठवण का होते?

सीनाकाठ

मोबदला नसेल तर गरीब बाई पुढे येतच नाही, हा सूर मला पटत नाही, कारण जामखेडचा इतिहास वेगळे सांगतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली गावोगावच्या आरोग्याचे काम करायला जामखेडला आले. आरंभी त्यांनी गावांत प्रशिक्षित परिचारिका पाठवून पाहिल्या. बाहेरची, शिकलेली, एकटी मुलगी गावात रुळेना आणि गाव तिचे ऐकेना. मग गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी असे ठरले, आणि निवडल्या गेलेल्यांत निरक्षर, दलित, परित्यक्ता अशा बाया होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या, आणि घोंगडीखाली शेजारी कोण आहे याची जात विचारणे हळूहळू बंद झाले. आजही त्या काळातील आजी भेटल्या की औषधांच्या नावांआधी त्या रात्रींची गोष्ट सांगतात.

त्यांना पगार नव्हता. त्यांना मिळाली ती पत. ज्या बाईला विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते तिला बाळंतपणाच्या वेळी वाड्यावरून बोलावणे येऊ लागले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण खरे नेतृत्व त्या बायांचे होते. पगार दिला असता तर गावाने त्यांना दवाखान्याच्या नोकर समजले असते, आणि गावचे नेतृत्व नोकराकडे जात नाही.

माणदेशी_शिवार (धागाकर्ता)

सीनाकाठ, हे उदाहरण मला निरुत्तर करण्याच्या जवळ आणते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. जामखेडच्या बायांना पगार नव्हता हे खरे. त्यांच्या पोटापाण्याचा विचारच झाला नव्हता, हे मात्र खरे नाही. त्यांना लहान धंदे शिकवले गेले, ते उभे करायला मदत मिळाली, आणि घरात स्वतःची मिळकत आल्यावरच त्या नवऱ्याला आणि सासूला न विचारता गावात फिरू शकल्या. मी बुडालेली मजुरी म्हणतो ती यापेक्षा वेगळी नाही.

दुसरे उदाहरण गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातीलच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकवली, त्या आरोग्यदूतांना कामानुसार मोबदला दिला, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार तिथे नवजात बालमृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. मोबदल्याने त्या बायांची आस्था कमी झाली असती तर हे घडले नसते. पत आली की मान मिळतो, याबद्दल वाद नाही. चूल तेवढ्यावर पेटत नाही.

वैनगंगा

दोन्ही बाजू मोबदला द्यायचा की नाही एवढ्यावरच बोलत आहेत. मला त्याआधीचा प्रश्न विचारावासा वाटतो: देणारा कोण?

आमच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाची ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सर्वांना माहीत आहे. घोषणेमागची शिस्त कमी जणांना माहीत आहे. त्या गावात अभ्यासगट बसतो, विषय समजून घेतो, बाहेरच्या माणसाला प्रश्न विचारतो. निर्णय मात्र अभ्यासगट करत नाही. निर्णय ग्रामसभेत होतो आणि तोही सर्वसहमतीने, म्हणजे एकाची हरकत असेल तर विषय पुढच्या सभेला जातो. देवाजी तोफा यांचे नाव बाहेर गाजले, तरी त्यांनाही एकट्याने निर्णय करता येत नाही. २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार हाती आला, आणि बांबू विक्रीतून ग्रामसभेकडे स्वतःचा पैसा आला. गावाच्या कामासाठी गेलेल्या माणसाचा खर्च ग्रामसभा स्वतःच्या निधीतून करू लागली, तर तो माणूस हिशेब कोणाला देईल? गावाला. हाच पैसा मुंबईच्या देणगीदाराकडून आला तर तो अहवाल मुंबईला पाठवील, आणि सरकारकडून आला तर आशांचे झाले तेच होईल. म्हणून बाहेरचा मोबदला मला मान्य नाही, आणि गावाने दिलेल्या मोबदल्याला माझा विरोध नाही.

बांधावरून

गटप्रवर्तक ताईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करतो. सरपंचाला जे लागू ते वस्तीवरच्या बाईलाही लागू असले पाहिजे.

तरीही वैनगंगा यांचा तोडगा आमच्याकडे चालेल असे वाटत नाही. मेंढ्याला जंगल आहे. आमच्या ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी, आणि तीही निम्मी थकलेली. कायद्याने ग्रामसभेच्या गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. आमच्याकडे ती उपस्थिती सह्यांची वही घरोघर फिरवून पुरी होते. अशा सभेच्या हाती स्वयंसेवकांचा निधी दिला तर यादी पॅनेलप्रमुखाच्या ओसरीवर बसून ठरेल, आणि ज्यांच्या नावे आपण हा धागा काढला त्या बाईंचे नाव पहिले गळेल. आधी सभा खरी भरली पाहिजे. ते काम पैशाने होत नाही. त्यासाठी कोणीतरी रात्री आठ वाजता दारोदार जाऊन माणसे उठवावी लागतात, आणि ते करणारा आजवर तरी बिनमोबदलाच भेटला आहे.

एक_गटप्रवर्तक

सभा भरवायचीच असेल तर महिला ग्रामसभेपासून सुरुवात करा. सर्वसाधारण ग्रामसभेच्या आधी ती घेणे बंधनकारक आहे. सकाळी अकराला ठेवतात म्हणून मजूर बाया येत नाहीत. आमच्या एका गावात ती संध्याकाळी सात वाजता, वस्तीवरच्या समाजमंदिरात ठेवली, तर बाहेर चपलांना जागा उरली नाही.

माणदेशी_शिवार (धागाकर्ता)

बांधावरून यांचा ओसरीचा मुद्दा माझ्या मूळ लिखाणात नव्हता आणि तो असायला हवा होता. नुसत्या मोबदल्याची मागणी मी त्यामुळे मागे घेतो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी मी असा विषय लेखी देणार आहे: स्वउत्पन्नातील जे १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात, त्यांतून प्रशिक्षणाला आणि गावकामाला जाणाऱ्या मजुरांची बुडालेली मजुरी देता येते का, हे ग्रामसेवकांनी नियम पाहून सभेत सांगावे; आणि नावे महिला ग्रामसभेने, संध्याकाळी, वस्तीवर बसून ठरवावीत.

काल त्या बाईंच्या घरी गेलो होतो. ए-फ्रेमचे बांबू त्यांनी गोठ्याच्या छपराला लावले आहेत. पुन्हा आखणीला याल का, असे विचारले. कांद्याच्या दिवसांत असेल तर नाही, एवढेच म्हणाल्या, आणि मग मुरमाच्या टेकाडाकडची कोणती बाजू अजून राहिली आहे ते हाताने दाखवू लागल्या.