'असावे' : अंदाज की अट?

प्रश्न : 'द बॉक्स शुड वे २० किलोज' या वाक्याचे भाषांतर मी 'पेटीचे वजन २० किलो असावे' असे केले, तेव्हा संपादकांनी समासात 'अंदाज की अट?' अशी पृच्छा केली. येथे कोणते क्रियापद योग्य ठरेल?

उत्तर : शंका रास्त आहे आणि ती मूळ इंग्रजी वाक्यालाही तितकीच लागू पडते. 'शुड'मध्ये हिशेबाने काढलेला अंदाज आणि पाळावयाची अपेक्षा असे दोन्ही अर्थ नांदतात. गंमत म्हणजे आपले 'असावे'ही तसेच आहे. 'तो एव्हाना पोचला असावा' हा तर्क झाला, तर 'उत्तर मुद्देसूद असावे' ही सूचना झाली. म्हणून आतल्या वस्तूंच्या वजनांची बेरीज करून हे वाक्य लिहिले असेल, तर 'पेटी सुमारे २० किलो भरेल' असे लिहावे, आणि तो निकष असेल, तर 'वजन २० किलो असणे अपेक्षित आहे' असे लिहावे.

'मस्ट' मात्र समोरच्या पुराव्यावरून बोलतो. पेटी उचलताना दोघांची दमछाक झाली, तर 'मस्ट वे ४०' म्हणजे 'चाळीस किलो तरी असणारच'. या तर्काचा नकार 'कान्ट'ने होतो ('इतके वजन असणे शक्यच नाही'). 'मस्टन्ट' सहसा मनाईसाठी येते.

'मे', 'माइट', 'कुड' आणि 'कॅन' या चौघांना सरसकट 'शकते' लावण्याची सवय मला खटकते. 'कॅन' वस्तूचा स्वभाव सांगतो : 'बॅटरी तापू शकते'. एका ठरावीक प्रसंगाविषयी बोलायचे असेल, तर इंग्रजीत 'मे' किंवा 'कुड' येते आणि मराठीत 'शकेल' किंवा नुसता भविष्यकाळ पुरतो : 'आजची बैठक कदाचित लांबेल'. आयएसओच्या मानकांत तर 'मे' परवानगीसाठी आणि 'कॅन' शक्यता किंवा क्षमतेसाठी राखून ठेवलेले असल्यामुळे तेथील 'मे'चे भाषांतर 'करण्यास हरकत नाही' असेच व्हायला हवे.

पुरवणी : 'माइट' म्हणजे 'मे'पेक्षा कमी शक्यता, असे शाळेत शिकवतात, वर्तमानातल्या वापरात हा फरक फारसा जाणवत नाही, पण भूतकाळात तो महत्त्वाचा ठरतो. 'ही मे हॅव ड्राउन्ड' म्हणजे 'तो बुडाला असेल', आपल्याला ठाऊक नाही. 'ही माइट हॅव ड्राउन्ड' याचा तोही अर्थ होतो, शिवाय 'तो बुडालाही असता', म्हणजे वाचला, असाही होतो. मराठीत 'असेल' आणि 'असता' यांतून एकाची निवड करावीच लागते, त्यामुळे भाषांतरकाराला मागचापुढचा मजकूर वाचून तो माणूस जिवंत आहे की नाही, हे आधी शोधून काढावे लागते.